मामा, महालक्ष्मी आणि स्क्वॉन्डरर

मुंबईत तीन दिवस होतो. गेटवे, राणीबाग, दादरची खरेदी सगळं उरकलं. पाय दुखले, एवढंच आठवतंय. रविवारी परळचा मामा म्हणाला, "चल, तुला रेसकोर्स दाखवतो." मामीने ताट जरा जोरातच आपटलं.

महालक्ष्मी स्टेशनवरून चालत गेलो. लोकलमध्ये एका पायावर लोंबकळत आलेल्या माणसाला 2400 मीटरचा तो हिरवागार ट्रॅक बघून आधी रागच येतो. घोड्यांना 1883 पासून एवढी ऐसपैस जागा! (यातली 120 एकर पालिकेच्या उद्यानासाठी द्यायचं 2024 मध्ये ठरलं. मला बरं वाटलं, मामाला अजिबात नाही.)

रेस सुटली. पलीकडे घोडे मुंग्यांएवढे. वळण घेऊन समोर आले तेव्हा टापा कानाआधी छातीत वाजल्या. उभा राहून मीही ओरडलो, कोणासाठी ते ठाऊक नाही. दोनशे रुपये गेले. चहाची रांग मात्र रेसपेक्षा लांब आणि चहा पाणचट.

त्या चहावर मामाने स्क्वॉन्डरर नावाच्या जुन्या घोड्याचा विषय काढला. "एकोणीस रेस धावला, अठरा मारल्या. 1977 ची इंडियन डर्बी, म्हणजे सगळ्यात मानाची रेस, इथंच जिंकला. रशीद बायरामजींचा घोडा, म्हणजे ट्रेनर ते."

"मग तू चिक्कार कमावले असशील."

"त्याच्यावर लावून? अख्खी दुनिया त्याच्यावरच लावायची. दहा लावले तर हातात अकरा. गिरणीत आठवडाभर घाम गाळायचा, तो एका रुपयासाठी?" म्हणून मामा दर वेळी दुसऱ्याच घोड्यावर लावायचा. कधीतरी हरेलच की! तो काही हरायचा नाही, पगारातले दहा-वीस बुडायचे. पण हे सांगताना म्हातारा असा खुलला होता, जणू घोडा याच्याच तबेल्यातला.

"आणि हरला तेव्हा?"

मामाने कप चुरगाळला. "तेव्हा गावाला होतो. तुझ्या आईच्या लग्नात पंगत वाढत."

घरी मामीने विचारलं, किती घालवले? "नुसता चहा प्यायलो," मामा म्हणाला. मीही मान डोलावली.

रात्री आईला फोनवर सगळं सांगितलं. क्षणभर गप्प राहून म्हणाली, "तरीच मेला जिलबी वाढताना तोंड पाडून फिरत होता! मला वाटलं, मी सासरी चालले म्हणून."