चौथ्या हाताची घाई

हिशोबाची वही माझ्याकडे होती, म्हणून फोनही मलाच करावे लागले.

आमचं ढोल-ताशा पथक २००४ साली सुरू झालं आणि २०१६च्या विसर्जन मिरवणुकीत शेवटचं वाजलं. पुढच्या वर्षी ढोल विकले, ताशे ज्याचे त्यानं नेले, ध्वजाच्या काठ्या कोणाच्या तरी गच्चीत पडून राहिल्या. २०२४च्या दिवाळीत दादांचा, म्हणजे आमच्या पथकप्रमुखांचा फोन आला. पेठेतल्या ज्या मंडळापुढे आम्ही पहिल्या वर्षी वाजवलं होतं, त्यांनी विचारलं होतं की माघी गणेश जयंतीला जुन्या मंडळींचं स्थिर वादन होईल का. १ फेब्रुवारी, शनिवार. "वही आहे ना गं अजून?" एवढंच दादांनी विचारलं. वादक जमतील का, हात चालतील का, हे काहीच नाही.

मुहूर्त मात्र शहाणपणाचा होता. भाद्रपदात पुण्यात ढोल मागून मिळत नाही, सरावाला जागा मिळत नाही, आणि वरून पाऊस. माघात सगळ्या पथकांचे ढोल गोदामात झोपलेले असतात.

वही म्हणजे लाल कापडी बांधणीची, उभी, वाण्याकडे असते तशी. मागच्या पानांवर वादकांची यादी, नावापुढे ढोलाचा क्रमांक. माझा १४. एकूण ६२ नावं. त्यातले बरेच नंबर बंद, दोघं अमेरिकेत, एक दुबईत. काही जणांनी "येतो" म्हटलं ते न येण्याच्या सुरात. एकीनं आधी कमरेच्या मणक्याची सगळी हकिकत सांगितली आणि मग "झांज देणार असाल तर येते" म्हणाली. शेवटी आम्ही २७ जण उरलो: १९ ढोल, ४ ताशे, दोन झांजा, दोन ध्वज. २०२४ साली हरित लवादानं पुण्यातल्या पथकांवर ३० वादकांची मर्यादा घातली होती आणि ऐन गणपतीत सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली होती. आम्ही लवादाच्या हिशोबातही बसत होतो, स्थगितीची गरजच नव्हती.

या चार ताशांतला पहिला ताशा कोणाचा, हा खरा प्रश्न होता. पूर्वी तो वाजवणाऱ्याला आम्ही 'तर्री' म्हणायचो. ताशावर काड्या सलग फिरल्या की जो थरथरता आवाज निघतो ती तर्री, आणि त्याची तर्री दोन चौक पलीकडून ओळखू यायची. ढोल कितीही असोत, गाडी ताशाच चालवतो. उचल ताशाची, हात बदलायचा इशारा ताशाचा, थांबायचं तेही त्याच्याच खुणेनं. (पथकात 'हात' म्हणजे ठरलेला ठेका, पहिला हात, दुसरा हात असे क्रमानं चढत जातात.) ढोलवाले आम्ही नुसते पाठीमागची फौज.

तर्री आणि मी नऊ वर्षं बोललो नव्हतो.

कारण सांगायला हवं. २०१५च्या विसर्जनानंतरची बैठक. आमच्या पथकात सुपारीचे पैसे वादकांना वाटत नसत. वाद्यांची दुरुस्ती, टेम्पो, पोहे-चहा वजा जाता उरलेली रक्कम एका वसतिगृहाला जायची. आधी ते सगळ्यांना पटायचं. मग मुलं नोकरीला लागली, काहींना लागल्या नाहीत, आणि परगावच्या सुपाऱ्या यायला लागल्यावर "निदान जाण्यायेण्याचा दिवस तरी भरून द्या" असं एक गट म्हणू लागला. दुसरा गट म्हणे, ही सेवा आहे. दोघांचंही बरोबर होतं, म्हणूनच ते भांडण मिटेना. त्या बैठकीत तर्रीनं वही मागितली, बोट फिरवत गेला आणि म्हणाला, "हे नऊ हजार सहाशे कुठे गेले?"

मला तो चोरीचा आरोप वाटला. मी वही मिटली. पुढे कोण काय बोललं ते इथे लिहीत नाही. तर्री उठून गेला, त्याच्यामागे अर्धे ताशे गेले, आणि २०१६चं वादन आम्ही उसन्या ताशावर कसंबसं निभावलं.

२०१७ साली ढोल विकून खातं बंद करताना मला कळलं की तो बरोबर होता. पावसात भिजून गेलेल्या बारा पानांची पावती मी दोनदा लिहिली होती; एकदा दुरुस्तीत आणि एकदा टेम्पोच्या भाड्याखाली. पान म्हणजे ढोलाचं चामडं. आठशेला एक, बारांचे नऊ हजार सहाशे. पैसे डब्यातच होते. मी ते गुपचूप वसतिगृहाच्या रकमेत घातले आणि कोणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही.

त्यामुळे यादीतले बाकीचे सगळे फोन झाल्यावर मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "वही घेऊन ये."

अमृततुल्यात बसलो. मी ते पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. त्यानं दोन्ही नोंदी वाचल्या, चहा संपवला, वही बंद करून माझ्याकडे दिली. "ताशा मी माझा आणीन. बाकीच्यांचं तू बघ." चहाचे पैसे मी दिले. त्यानं देऊ दिले, हेही मला पुष्कळ वाटलं.

ढोल एका नव्या पथकानं दिले. त्यातली मुलं आमचं पथक बंद पडलं तेव्हा शाळेत होती. अट एकच: पान फुटलं तर भरून द्यायचं. आम्ही माणशी हजार रुपये काढले, त्यात हे, टेम्पो आणि खाणं. पोलीस परवानगीची कहाणी थोडक्यात सांगते: अर्ज, मंडळाचं पत्र, जागेचा नकाशा, दहाच्या आत आवरू असं हमीपत्र, तीन चकरा. तिसऱ्या चकरेला कळलं की दुसऱ्या चकरेची गरज नव्हती.

मुलांनी विचारलं, "ताई, फायबरचं पान देऊ का चामड्याचं?" फायबरला पावसाची भीती नाही, ताणायचा त्रास नाही. पण त्याचा आवाज डब्यासारखा येतो, असं माझं मत आहे आणि ते बदलणार नाही. चामड्याचंच घेतलं. म्हणजे मग ताणणं आलं. ढोल जमिनीवर आडवा टाकायचा, समोर बसून एक पाय कडेला टेकवायचा, हाताला फडकं गुंडाळून दोरीचा एकेक फेरा स्वतःकडे ओढायचा आणि ओढलेला सुटायच्या आत पुढचा धरायचा. एक फेरा ढिला राहिला की पान एका बाजूनं लुळं वाजतं. पूर्वी मी असे चार ढोल एका बैठकीत ताणायचे. या वेळी एकाच ढोलाला पाऊण तास लागला आणि फडक्यातूनही तर्जनीच्या पेरावर दोरीचा वळ उठला. शेजारी उभा असलेला एकोणीस वर्षांचा पोरगा "ताई, मी करू का?" असं तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मी हो म्हटलं.

सराव नदीपात्रात, डिसेंबरपासून दर रविवारी सकाळी. पहिल्या दिवशी दादांनी शिट्टी वाजवली, तर्रीनं उचल दिली, आणि आमचे एकोणीस ढोल एकोणीस ठिकाणी पडले. दहा-बारा किलोचं वजन कमरेला, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप. हे सगळं आठवत होतं. हात शिकवावे लागले नाहीत. विसरलो होतो ते ऐकणं. जो तो आपापल्या आठवणीतल्या ठेक्यावर वाजवत होता, आणि प्रत्येकाच्या आठवणीची गती वेगळी.

दादांनी ढोल काढायला लावले. तासभर आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या, ताशाकडे बघत. चाळिशी ओलांडलेली माणसं थंडीत नदीकाठी अर्धवर्तुळात उभी राहून टाळ्या पिटताहेत, हे पाहून फिरायला आलेल्या एका काकांनी हास्यक्लब समजून वेळ विचारली.

तिसऱ्या रविवारी बसायला लागलं. आणि मग ती चूक परत आली.

आमच्या पथकाची एक जुनी खोड होती. तिसऱ्या हातातून चौथ्यात जाताना डावी रांग अर्धी मात्रा आधी पोचायची. दादांनी बारा वर्षं त्यावरून आरडाओरडा केला. आमच्याकडे उत्तर तयार असायचं: रांग लांब आहे, ताशा पुढे आहे. हे खोटंही नव्हतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ताशापासून तीस मीटरवर उभा असलेला वादक उचल ऐकतो तेव्हा सेकंदाचा जवळजवळ अकरावा हिस्सा उलटून गेलेला असतो. म्हणून मागच्या रांगांनी कानावर नाही, ताशेवाल्याच्या मनगटावर वाजवायचं असतं. डाव्या रांगेतली मंडळी, मी त्यातलीच, ही उशिराची भरपाई म्हणून आधीच उडी मारायची.

आता आम्ही एकोणीस. ताशा चार पावलांवर. आणि तिसऱ्यातून चौथ्यात जाताना डावी रांग, अगदी एकजुटीनं, अर्धी मात्रा आधी.

दादांनी कपाळावर हात मारला. तर्री काड्या थांबवून हसायला लागला. मी त्याला हसताना २०१५ नंतर पहिल्यांदा पाहिलं. पुढचे तीन रविवार दादांनी आम्हाला फक्त तेवढाच सांधा वाजवायला लावला, आणि शेवटच्या सरावाला तो साफ झाला. म्हणजे आम्हाला तसं वाटलं.

१ तारखेला संध्याकाळी देवळापुढचा चौक भरला होता. बोटांना चिकटपट्ट्या, कानात कापूस, डोक्याला फेटे. पेठेतल्या ज्या आजी पूर्वी आमच्या सरावाची तक्रार करायच्या, त्या खिडकीत खुर्ची टाकून बसल्या होत्या. आरती झाली, शंख झाला, ध्वज उठले. तर्रीनं काड्या वर धरल्या.

वाजवत असताना काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण वाजवत असताना फार काही वाटत नाही. मनगट दिसतं. समोरच्याच्या पाठीवरचा घाम दिसतो. दुसऱ्या हाताला छातीत तो आवाज भरला आणि शेजारच्या वाड्याच्या पत्र्यावरून कबुतरं उडाली, हे आठवतं. पंधराव्या मिनिटाला माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी फोड फुटला, पट्टी ओली झाली, हेही. आणि चौथा हात आठवतो. तर्रीनं मान हलवून इशारा दिला आणि मनगट खाली यायच्या आत आम्ही तिथे होतो. अर्धी मात्रा आधी, सगळी डावी रांग. दादांनी डोळे मिटून घेतले. मग उजवी रांगही येऊन मिळाली आणि पुढची दहा मिनिटं कोणाची कोणाला चूक सापडली नसती.

पंचवीस मिनिटांत संपलं. लोक पाया पडत होते, फोटो काढत होते. मंडळानं पेढे वाटले.

ढोल परत न्यायला तीच मुलं आली. मोजताना त्या एकोणीस वर्षांच्या पोरानं मला हळूच विचारलं, "ताई, चौथा हात तुमच्याकडे तसाच बसवलाय का? म्हणजे डावीकडून आधी उचलायचं? आम्हाला शिकवाल?"

मी काही बोलायच्या आत, ताशा पुसत बसलेला तर्री म्हणाला, "तसाच आहे तो. आमचाच आहे."

दादांनी ऐकलं, पण ते पेढा खात होते.

एका ढोलाचं पान गेलं होतं, कडेपासून मध्यापर्यंत चीर. पोरगा म्हणाला, "राहू दे ताई, जुनंच होतं." मी म्हटलं, ठरलंय ते ठरलंय. देवळाच्या पायरीवर बसून वही काढली, दुखऱ्या अंगठ्यात पेन कसंबसं धरलं, आणि आठ वर्षांपूर्वीच्या शेवटच्या ओळीखाली तारीख घातली. पान, एक नग.

तर्री मागे येऊन उभा राहिला होता. वाकून वहीत बघत म्हणाला, "एकदाच लिही."