आमची वाटचाल : काजूगर, सातबारा आणि सरकार

वेंगुर्ल्याजवळचा आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना 2001 मध्ये सुरू झाला. बी वाफवून कटरवर फोडणे, गर सुकवणे, सोलणे आणि प्रतवारी करणे हेच काम आजही चालते. धंदा स्वतःच्या हिमतीवर उभा केला असे सांगण्याची आपल्याकडे रीत आहे. हिंमत लागलीच, परंतु मागचा हिशेब मांडताना प्रत्येक वळणावर सरकार कधी पाठीशी, तर कधी आडवे उभे असलेले दिसते.

आधी भांडवलाचे. बँकेत पहिला प्रश्न जमिनीचा आला. जागा वडिलोपार्जित होती, पण सातबारा सामायिक; चुलते, आत्या, त्यांची मुंबईतली मुले अशी नावांची रांग, आणि त्यांतली काही माणसे हयातही नव्हती. वारसनोंदी, फेरफार आणि संमतीच्या सह्या यांत कोकणातले किती बेत मुरून गेले असतील, कोण जाणे. आम्ही तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आलो, याला बँकेच्या लेखी किंमत नव्हती. तलाठ्याच्या दप्तरात जे स्पष्ट नाही ते तारण होत नाही. शिवाय ही जमीन आमच्या घराण्याच्या नावावर लागली तीच मुळी खोती, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताचा जमिनीवरचा वतनी हक्क, संपवणाऱ्या 1949 च्या कायद्यामुळे आणि नंतरच्या कुळकायद्यामुळे. आधी खोताचा हक्क सरकारदरबारी नोंदलेला होता, नंतर आमचा नोंदला गेला. खासगी मालमत्ता सरकारच्या आधीपासून असते आणि सरकार तिच्यात नंतर ढवळाढवळ करते, हे म्हणणे त्यामुळे मला कधी पटले नाही. अखेर लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या, 2000 मध्ये आलेल्या केंद्राच्या योजनेतून तारणाशिवाय कर्ज मिळाले.

कच्च्या मालाचीही तीच कथा. येथल्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनींवर काजू एवढा पसरला तो बव्हंशी 1990 पासूनच्या रोजगार हमीतील फळबाग योजनेमुळे, आणि कलमे होती वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात विकसित झालेल्या जातींची. गावठी बीचा हंगाम मात्र उन्हाळ्यापुरता असतो. पुढे कारखाना चालू ठेवायचा तर आयव्हरी कोस्ट, बेनिन, टांझानिया येथली बी घ्यावी लागते आणि तिच्या आयात शुल्कावर आमचे गणित ठरते. 2018 च्या अर्थसंकल्पात हे शुल्क 5 वरून 2.5 टक्क्यांवर आले, तेव्हा आम्हा कारखानदारांना दिलासा मिळाला. माझे थोरले बंधू बागायतदार आहेत, त्यांना ते मुळीच रुचले नाही, कारण बाहेरची बी स्वस्त झाली की येथल्या बीचा दर दबतो. एकाच घरात, एकाच पंगतीला, एकाच अधिसूचनेवर दोन मते होती आणि दोन्ही खरी होती. पुढे 2019 मध्ये आयात काजूगरासाठी अखंडाला किलोमागे 720 आणि तुकड्याला 680 रुपये अशी किमान किंमत ठरली, तेव्हा व्हिएतनामच्या यंत्रावर फोडलेल्या मालापासून आम्हाला आडोसा मिळाला. ग्राहकाला मात्र त्याची किंमत मोजावी लागली. शुल्क वाढवा, कमी करा किंवा काढूनच टाका, कोणाच्या तरी ताटातले दुसऱ्याच्या ताटात जातेच. दिल्लीत त्यासाठी कोणाचा शब्द पोहोचतो, एवढाच प्रश्न उरतो. आणि बंदरावर जहाजभर माल उतरवणाऱ्याचा शब्द आमच्याआधी पोहोचतो, हे उघड आहे.

2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला. शेतकऱ्याकडून कच्ची बी घेतली की 5 टक्के कर उलट पद्धतीने, म्हणजे विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्या आम्हीच भरायचा आणि वजावट गर विकल्यावर वळती करून घ्यायची. कर बुडत नाही, पण ऐन खरेदीच्या दिवसांत खेळते भांडवल त्यात अडकते. मोठ्या कारखान्याला ते जाणवतही नाही.

वसुलीत तर सत्ता केवळ सरकारकडे नसते, हे कळून चुकले. सूक्ष्म व लघुउद्योगांचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असा 2006 चा कायदा आहे. एका मोठ्या खरेदीदाराने आमचे बिल त्याच्या दुप्पट काळ थकवले. आम्ही तक्रार केली नाही, कारण पुढची मागणी त्याच्याकडूनच यायची होती. नंतर प्राप्तिकर कायद्यातच दुरुस्ती होऊन मुदतीत न दिलेली आणि वर्षअखेरीसही थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीचा खर्च म्हणून धरता येईनाशी झाली, आणि 2024 च्या मार्चमध्ये त्याच लेखा विभागाने स्वतःहून फोन करून आमचा उद्यम नोंदणी क्रमांक, म्हणजे लघुउद्योग असल्याची सरकारी नोंद, मागून घेतला. थकलेली रक्कम वर्षअखेरीपूर्वी जमा झाली. पुढच्या हंगामाची त्यांची मागणी मात्र निम्म्यावर आली. आता आम्ही एका खरेदीदाराला एकूण मालाच्या चौथ्या हिश्शापेक्षा अधिक देत नाही.