कोण रे?

आमच्या बाबांचा आशीर्वाद दोन शब्दांचा. पाया पडायला वाकलं की पाय मागे घेत म्हणतात, "असू दे, असू दे." हात डोक्याला टेकतो न टेकतो तोच पुढचा प्रश्न, "जेवलास का?"

बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला इसहाक आधी जेवतो, मग आशीर्वाद देतो. म्हातारा, डोळ्यांनी अधू. थोरल्या एसावाला सांगतो, शिकार आण, मला आवडतं तसं रांधून वाढ. हे त्याची बायको रिबका ऐकते. तिचा जीव धाकट्या याकोबावर. ती कळपातली दोन करडं रांधते, एसावाचे ठेवणीतले कपडे याकोबाच्या अंगावर चढवते. पण एसाव केसाळ, हा तुळतुळीत. म्हणून करडांची कातडी त्याच्या हातांना आणि मानेला गुंडाळते.

पुढचं मी कितीदा वाचलं असेल. "कोण रे बाळा तू?" "मी एसाव, तुमचा थोरला." म्हाताऱ्याला शंका येते, जवळ बोलावून तो चाचपतो. आवाज याकोबाचा, हात एसावाचे. कान खरं सांगताहेत, बोटं खोटं, आणि तो बोटांचं ऐकतो. जेवतो, मुका घ्यायला सांगतो, कपड्यांचा वास घेतो. शेताचा वास! मग शब्द निघतात : आकाशाचं दंव, धान्य, द्राक्षारस, भावांवर सत्ता.

खरा एसाव येतो तेव्हा बाप थरथर कापतो, पण शब्द फिरवत नाही. फसवून घेतलेली सही कोर्टात टिकत नाही, मग हा आशीर्वाद कसा टिकतो? आपल्याकडे शापाला उःशाप तरी असतो. वराला तशी सोय नाही, नाहीतर भस्मासुरापुढे शंकराला पळावं लागलं नसतं. मला आता वाटतं, त्या कापण्यातच इसहाकाला उमगलं असावं की दिलं ते त्याच्या मालकीचं नव्हतंच. पाणी वरून आलं, तो पन्हळ. वाहून गेलेलं पाणी पन्हळीने परत कसं मागायचं?

एसाव धाय मोकलून रडतो. "बाबा, तुमच्याकडे एकच आशीर्वाद आहे का हो? मलाही द्या ना." धर्मपंडित काहीही म्हणोत, मी स्वतः धाकटा असूनही इथे एसावाच्या बाजूचा.

याकोबाची फेड झालीच. मामाकडे २० वर्षं राबला, लग्नात फसला आणि पुढे पोटच्या पोरांनी आपल्याच भावाचा, योसेफाचा, झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून तो मेल्याचं भासवत त्याच्यापुढे टाकला. अखेरीस मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, त्याचेही डोळे अंधुकले. योसेफ जिवंतच होता; तो आपली दोन मुलं आणतो, थोरल्या मनश्शेला मुद्दाम आजोबांच्या उजव्या हाताशी उभं करतो. म्हातारा हातांची फुली करतो आणि उजवा ठेवतो धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर. योसेफ तो उचलून सरकवायला जातो. "ठाऊक आहे बाळा, ठाऊक आहे." या खेपेला कातडं नाही, सोंग नाही. अजूनही शुक्रवारी संध्याकाळी ज्यू घरांत बाप मुलाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतो, देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो.

गेल्या पाडव्याला बाबांच्या डोळ्यावर मोतीबिंदूच्या ऑपरेशनची हिरवी पट्टी होती. मी वाकलो. हात चाचपडत आला, आधी कानावर, मग टकलावर.

"कोण रे? थोरला का?"

"नाही बाबा, मी धाकटा."

"असू दे, असू दे." हात तिथेच राहिला.