आमची वाटचाल : अर्धवट खोक्यांचं दुकान

जळगावात प्लास्टिक म्हटलं की लोकांना आधी चटई आठवते, मग पाइप. मी त्याच एमआयडीसीतला कारागीर. अठरा वर्षं इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर काढली. बादलीचे कान, डब्यांची झाकणं, पंख्याचे सुटे भाग, जे काम येईल ते केलं. डाय म्हणजे साचा, मग दाणा, रनर, गेट, शॉर्ट, फ्लॅश हे शब्द मला घरच्या बोलीइतके जवळचे. आता माझं दुकान सुटे भाग जोडून बनवायच्या प्लास्टिकच्या मॉडेलांचं. आज कुणी चाळीस वर्षांपूर्वीचं लढाऊ विमानाच्या मॉडेलचं खोकं आमच्या टेबलावर ठेवतं आणि त्यातली सुटे भाग लागलेली करड्या प्लास्टिकची चौकट मी उचलतो, तेव्हा मला विमानाच्या आधी डाय दिसते. माल कुठून शिरला, कुठे कमी पडला, साचा कोणत्या कडेला झिजत आला होता, सगळं त्या चौकटीवर वाचता येतं.

या धंद्याची सुरुवात मात्र एमआयडीसीत झाली नाही. ती भुसावळला, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये झाली. मी सातवीत होतो. मुंबईच्या मामांनी एअरफिक्स या ब्रिटिश कंपनीच्या मॉडेलचं एक खोकं आणलं होतं, आत नॅट विमान. नॅट म्हणजे पासष्टच्या लढाईत पाकिस्तानच्या सेबर विमानांना भारी पडलेलं आपलं चिमुकलं विमान, एवढं मला आबांमुळे माहीत होतं. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजितसिंग सेखों १४ डिसेंबर १९७१ ला श्रीनगरवर एकटे लढले आणि गेले, ते नॅटमधूनच. हवाई दलातलं आजवरचं एकमेव परमवीरचक्र त्यांचं. आबा ही गोष्ट सांगताना विडी विझवून ठेवायचे.

खोकं उघडलं तर विमान दोन माणसांचं निघालं. ब्रिटिश हवाई दलाचं शिकाऊ विमान, रेड ॲरोज या कसरतीच्या पथकाचं लालभडक. आपलं नॅट एका माणसाचं. मी आबांच्या दाढीच्या ब्लेडने मागची खुर्ची कापून काढली. मग गोंदाची पाळी. खोक्यातली ट्यूब वाळून दगड झालेली. लाकडाचा पांढरा गोंद लावून पाहिला, दोन दिवसांनी पंख अलगद हातात आला. शेवटी नळवाल्या काकांकडून पाइप जोडायचं सोल्युशन मागून आणलं आणि भरपूर थापलं. सकाळी डावा पंख गुळाच्या ढेपेसारखा बसलेला होता.

तेव्हा मी रडलो. का झालं ते कळायला मोल्डिंगची नोकरी लागावी लागली. ही मॉडेलं पॉलिस्टायरीनची असतात. त्यांचा खरा गोंद चिकटवत नाही, तो दोन्ही कडा किंचित विरघळवतो, आणि द्रव उडून गेला की दोन तुकडे एकजीव होतात. पाइपचं सोल्युशन पीव्हीसीसाठी, फार जहाल आणि दाट. पातळ द्रव गोंद असेल तर ब्रशचं टोक नुसतं फटीला टेकवायचं, तो आपोआप फटीतून धावत जातो. हे आम्ही प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी दाखवतो. पन्नाशी-साठीची माणसं तो द्रव फटीतून पळताना बघून ‘अरेच्चा’ म्हणतात. आमच्या पिढीत प्रत्येकाचा एखादा पंख तरी असा बसलेलाच आहे.

२००१ च्या एप्रिलात आयातीवरचे उरलेसुरले संख्येचे निर्बंध उठले. त्यानंतर मुंबई-पुण्याच्या दुकानांत ही खोकी हळूहळू दिसू लागली. मी पगारातून दोन-दोन आणायचो, एक ठेवायचो, एक विकायचो. गिऱ्हाईक कोण, तर ओळखीतले डॉक्टर, बँकेतले साहेब, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात नोकरी केलेले धुळ्याकडचे एक आप्पा. २०१० मध्ये नोकरी सोडली आणि घरापुढच्या खोलीला शटर लावलं. सौ. हिशेब बघू लागली. नंतर डिकॅल, म्हणजे पाण्यात भिजवून सरकवायच्या खुणा, लावण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला, आणि ते काम आजही तिचंच आहे.

पहिली काही वर्षं आम्ही ऑर्डरवर मॉडेल बनवून द्यायचो. कुणाला दिवाणखान्यात ठेवायला मिग-२१ हवं, कुणाला निवृत्त होणाऱ्या सुभेदारमेजर मामांना द्यायला त्यांच्या रेजिमेंटचा रणगाडा. पैसा चांगला होता. माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच महिन्याच्या पंचवीस तारखेला खिशात काही उरायचं.

मग वरणगावचे नाना आले. म्हणजे आधी त्यांचा मुलगा आला. वडील आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले, जन्म काडतुसांत गेलेला. मुलाने पंचवीस वर्षांपूर्वी परदेशातून सेंच्युरियन रणगाड्याचं १/३५ प्रमाणाचं खोकं आणलं होतं. ते कपाटात तसंच पडून. वडिलांचा पंच्याहत्तरावा वाढदिवस, तर तयार करून द्या म्हणाला. मी जीव ओतून काम केलं. पूना हॉर्स या रेजिमेंटची खूण लिहिली, बाजूला ‘फामागुस्ता’ हे नाव घातलं. १६ डिसेंबर १९७१ ला बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियनमध्ये लढले, त्याचं ते नाव. चिखल, धूळ, तेलाचे ओघळ, काही सोडलं नाही.

नाना स्वतः न्यायला आले. काचेच्या पेटीभोवती एक चक्कर मारली. म्हणाले, ‘लय झ्याक झाला.’ मग रिकामं खोकं मागितलं. त्यात सगळे भाग काढून झालेल्या चौकटी होत्या, नुसत्या काड्या आणि आकडे. त्या हातात धरून ते बराच वेळ बसले. मग म्हणाले, ‘मले जोडाचा होता भो.’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पंचवीस वर्षं त्यांनी ते खोकं जपलं होतं ते निवृत्तीनंतर निवांत बसायला, आणि ते बसणंच मी पैसे घेऊन संपवून टाकलं होतं.

त्या महिन्यात सौ.शी आणि पुतण्याशी बसून ठरवलं : ज्याला स्वतः बसता येतं, त्याचं मॉडेल आपण बनवायचं नाही. हात चालत नाहीत, डोळे गेलेत, अशांचं करू. बाकीच्यांना खुर्ची देऊ, हत्यारं देऊ, शिकवू. उत्पन्न निम्म्यावर आलं. पुतण्या दोन वर्षं पुन्हा मशीनवर गेला. तरीही तो निर्णय बरोबर होता असं मला आज ठामपणे वाटतं.

दर रविवारी सकाळी सात ते अकरा आमच्याकडे टेबल लागतं. सातच का, तर मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीपार जातो आणि दहानंतर एअरब्रशमधला रंग भागावर पोचायच्या आत हवेतच वाळतो, खरखरीत भुकटी होऊन बसतो. तेव्हा थिनर वाढवायचा, वाळणं लांबवणारं रिटार्डर घालायचं, आणि उन्हं चढायच्या आत फवारणी उरकायची. पावसाळ्यात उलट तऱ्हा. हवेत दमटपणा असताना मॅट वार्निश मारलं की रणगाड्यावर पांढरं धुकं धरतं. जुलैत आम्ही फक्त जोडकाम करतो. रंगाचा डबा कुणी उघडला तर सौ. हातातून काढून घेते.

या उन्हाचा एक उपयोगही आहे. जुन्या खोक्यांतली डिकॅल पिवळी पडलेली असतात. ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवायची. ऊन पिवळेपणा खातं. आमची पश्चिमेची खिडकी वर्षभर चक्रांनी, तिरंग्यांनी आणि आकड्यांनी भरलेली असते. निवळल्यावर त्यांवर वार्निशचा एक पातळ हात द्यायचा, नाहीतर पाण्यात टाकताच त्यांचे शंभर तुकडे होतात.

पण जुन्या रणगाड्यांचं सर्वांत वाईट दुखणं ट्रॅकचं, म्हणजे चाकांभोवतीच्या पट्ट्याचं. ट्रॅक मऊ व्हिनाइलचे असायचे, चाकं पॉलिस्टायरीनची. व्हिनाइल मऊ ठेवणारा तेलकट पदार्थ वर्षानुवर्षं पाझरतो आणि जिथे टेकेल तिथलं पॉलिस्टायरीन खातो. कपाटात कुणीही हात न लावलेल्या रणगाड्याची चाकं खालून वितळलेली निघतात. लोक उंदरांना दोष देतात. अशी चाकं आम्ही नवी ओततो. एक चांगलं चाक घ्यायचं, सिलिकॉनचा साचा करायचा, त्यात रेझिन भरायचं. हे माझं सगळ्यांत आवडतं काम. डायच्या धंद्यात शिकलेलं सगळं इथे कामी येतं. आणि कुणी लहानपणी ब्रश भरभरून जाड रंग थापला असेल तर ब्रेक ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवतो. सकाळी जुन्या टूथब्रशने घासलं की रंग सुटतो, प्लास्टिक शाबूत राहतं. फक्त आधी विचारतो, हा रंग काढायचाच आहे ना? एकदा एक ताई गेलेल्या भावाचं विमान घेऊन आल्या होत्या. त्यावर त्याच्या बोटाचा ठसा रंगात वाळलेला होता. आम्ही फक्त तुटलेलं चाक बसवलं आणि बाकी कशाला हात लावला नाही.

धंद्याचं गणित २०२० पासून बदललं. खेळण्यांवरचं सीमाशुल्क त्या फेब्रुवारीत २० वरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. आमची खोकी सीमाशुल्काच्या हिशेबात खेळण्यांच्याच रकान्यात मोडतात. देशात खेळणी बनावीत हा हेतू मला पटतो, मी स्वतः मोल्डिंगवाला आहे. पण बारीक भागांच्या एका किटची डाय करायला लागणारा पैसा आमच्यासारख्याला झेपणारा नाही. म्हणून नव्या खोक्यांपेक्षा लोकांच्या माळ्यावरच्या जुन्या खोक्यांवर आम्ही जास्त अवलंबून आहोत, आणि हरवलेले भाग ओतून देणं हा आता निम्मा धंदा आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ हवाई दलातून निरोप घेऊन गेलं. १९६३ पासून ते सेवेत होतं. त्या महिन्यात आमच्याकडे एवढी मिग-२१ ची खोकी आली की टेबल पुरेना. ओझरचे आप्पा त्या रविवारी सगळ्यांच्या मागे हात बांधून फिरत होते. कुणाचा नाकाचा शंकू तिरका बसला की तिथेच उभे राहायचे, बोलायचे काही नाही, माणूस आपोआप तो काढायचा. शंकूत वजन भरायला विसरलं तर विमान शेपटीवर बसतं, ते मात्र ओरडून सांगायचे.

एकदा सगळे मिळून नगरचं रणगाडा संग्रहालय पाहायला गेलो. मनमाड-कोपरगाव-शिर्डी मार्गे, दोन जीप. १९९४ साली उघडलेलं ते संग्रहालय प्रत्येक मॉडेलवाल्याने पाहावं. सेंच्युरियनसमोर आमच्यातल्या एका माणसाने खिशातून फूटपट्टी काढली आणि चाकांमधलं अंतर मोजू लागला. रखवालदाराने हटकलं, मग कारण ऐकून तोच पट्टीचं दुसरं टोक धरून उभा राहिला. १/७२ म्हणजे सहा फुटी माणूस एक इंचाचा, १/३५ मध्ये दोन इंचांपेक्षा जरा जास्त. हे गणित घरी सोपं वाटतं. खऱ्या लोखंडाशेजारी उभं राहिलं, त्या झरोक्यातून आत डोकावलं, तेव्हा कळतं की माणसांनी कुठे बसून काय भोगलं असेल. लेफ्टनंट कर्नल तारापोर पासष्टमध्ये अशाच सेंच्युरियनमधून लढले. परतीच्या वाटेवर जीपमध्ये कुणी फारसं बोललं नाही.

नानांना मी दुसरं खोकं मिळवून दिलं. जुनंच, तेच सेंच्युरियन, एका डॉक्टरांच्या माळ्यावरून. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत, हात थरथरतो. मनगटाखाली ठेवायला आम्ही त्यांच्यासाठी वाळूची छोटी पिशवी शिवली आहे. सेंच्युरियनला एका बाजूला सहा चाकं, प्रत्येक चाक दोन चकत्यांचं, म्हणजे एकूण चोवीस चकत्या. प्रत्येकीच्या कडेवरची गेटची, म्हणजे साच्यात माल शिरतो त्या तोंडाची, खूण कानसून गुळगुळीत करायची. नाना एका रविवारी एक करतात, फार झालं तर दोन. मी मशीनवर असतो तर चोवीसचं काम अर्ध्या तासात उरकलं असतं.

गेल्या रविवारी सतरावी झाली. खालची तीन चाकं बसवून झाल्यावर त्यांनी रणगाडा टेबलावर ढकलून पाहिला. तो थोडा डावीकडे ओढतो. पुढच्या रविवारी तो एक्सल सुटा करून पुन्हा बसवायचा आहे.