मोहाच्या गोदामापासून लाडवापर्यंत: आमची वाटचाल

आमच्या धंद्याची सुरवात मी नाही केली, बाबांनी केली, आणि ती फार अभिमानानं सांगण्यासारखी नाही तरी सांगतो. गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याहून कोरचीकडे जाताना रोडवरच्या एका गावात आमचं किराणा दुकान. मार्च-एप्रिलात बाबा आठवडी बाजारात काटा लावून बसायचे, आजूबाजूच्या गावांतल्या बाया डोक्यावर टोपली घेऊन यायच्या, मोहा, म्हणजे मोहाच्या झाडाची सुकलेली फुलं, मोजून घ्यायचा आणि बदल्यात मीठ, मिरची, तेल, साबण, उरलेच तर पैसे. तो मोहा आमच्या मागच्या गोदामात जायचा आणि श्रावणात त्याच बाया येऊन तोच मोहा परत विकत न्यायच्या, कुणी खायला, कुणी देवाला, कुणी दारूला. भाव अर्थातच दुसरा असायचा. माझ्या शाळेची फी त्या दोन भावांच्या मधल्या फरकातून गेली.

लोकांना वाटतं व्यापारी लुटतो तो काट्यात लुटतो. काट्यात मारणारे होतेच, पण खरी कमाई काट्यात नव्हती, छपरात होती. सुकलेला मोहा म्हणजे बरीचशी साखरच, हवेतली ओल ओढून घेतो, जूनचा पाऊस सुरू झाला की चिकट होतो, मग आंबतो, मग अळ्या. कवेलूच्या गळक्या घरात चार पोती ठेवणार कुठं? म्हणून सगळे एप्रिलमध्येच विकतात, आणि सगळ्यांनी एकदम विकलं की भाव पडतो. आमच्याकडं सिमेंटचं कोरडं गोदाम होतं, बस्स, एवढंच भांडवल.

मी नागपूरला एका फूड कंपनीत पॅकिंगला सहा वर्षं होतो, २०१७ मध्ये परत आलो. डोक्यात एकच होतं की मोह्याचं नाव काढलं की लोकांना दारूच का आठवते, आमच्या घरी तर आजी मोहा भाजून त्यात तीळ आणि जवस कुटून द्यायची आणि ते खाऊन आम्ही शाळेत जायचो. बायकोनं त्याचेच लाडू केले, चाळीस डबे भरले, नागपूरच्या एका प्रदर्शनात टेबल लावलं. पहिल्या दिवशी डबे संपले, दुसऱ्या दिवशी त्यातले तिघं-चौघं परत आले. दाताखाली रेती येते म्हणाले. एका काकूंनी तर लाडवातला खडा कागदात बांधून आणला होता, तो अजून आमच्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये आहे.

चूक लाडवाची नव्हती, मोह्याची होती. मोहफूल रात्रीपासून गळायला लागतं, पहाटे जास्त, आणि पडतं थेट पालापाचोळ्यावर. पाल्यात फुलं दिसत नाहीत म्हणून झाडाखाली आग लावून जमीन साफ करतात, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची. कधी ती आग झाडाखालीच विझते, कधी नाही विझत आणि डोंगरभर पसरते. मग उघड्या जमिनीवरून वेचलेलं फूल उघड्या अंगणात सुकतं, त्यात राख, माती, बकरीच्या लेंड्या सगळं येतं. दारूला ते चालतं कारण तिथं सगळं उकळूनच निघतं, लाडवाला चालत नाही.

मग हिरव्या शेडनेटच्या जाळ्या आणल्या, चार बांबूंना बांधून झाडाखाली झोळीसारख्या लावायच्या. पहिल्या वर्षी फक्त ११ झाडांखाली लागल्या. बाया म्हणाल्या, हे शहरी नखरे. पण जाळीच्या मोह्याला मी दीडपट भाव देत होतो, आणि दुसरी एक गोष्ट झाली जी माझ्या डोक्यातही नव्हती. जमिनीवर वेचायचं तर अंधारात निघावं लागतं, नाहीतर गुरं, हरणं खाऊन जातात, आणि अस्वलाला तर मोहा आपल्यापेक्षा जास्त आवडतो. मोह्याच्या सीझनमध्ये अस्वलानं फाडलं, वाघानं नेलं, अशा बातम्या आमच्या भागात दरवर्षी असतात. जाळीत फूल अधांतरी राहतं त्यामुळं उजाडल्यावर गेलं तरी चालतं. भावापेक्षा बायांना हेच जास्त पटलं असं माझं मत आहे. तिसऱ्या वर्षी जाळ्या मागायला गावंच आली.

आता कायद्याचं. मोहफुलावर १९४९ च्या दारूबंदी कायद्याची नजर पहिल्यापासून, त्यात आमचा जिल्हा १९९३ पासून दारूबंदीचा. म्हणजे फूल जंगलातलं, खायचं, पण पोत्यात भरून टेम्पोत टाकलं की संशयित. एकदा आमचा टेम्पो वडसा रोडवर अडवला, सगळे कागद होते तरी दोन रात्री उभा ठेवला आणि दुसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला. ताडपत्री फाटकी होती ही चूक माझी. नऊ पोती काळी पडली. २००६ च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची, म्हणजे मोहा-बांबूसारख्या जंगलातल्या मालाची, मालकी गावाला दिली, हे खरं. पण धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळाला तरी स्वतःच्या बांबूचा वाहतूक पास स्वतः फाडायला २०११ उजाडलं, तेव्हा आमच्या मोह्याचं काय घेऊन बसलात. २०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करायची, साठवायची, न्यायची बंधनं काढली आणि मगच मला रात्री झोप लागायला लागली. बँकेचं कर्ज मात्र दोनदा नाकारलं गेलं, साहेब हसून म्हणाले की फाईलवर मोहा लिहू नका, दुसरं काहीतरी लिहा. मी मोहाच लिहिलं. तिसऱ्यांदा दुसऱ्या बँकेनं दिलं.

२०२० चा लॉकडाऊन बरोबर सीझनच्या तोंडावर आला. बाजार बंद, गाड्या बंद, झाडं मात्र थांबत नाहीत, मोहा पडतच होता. काही व्यापारी रात्री गावात जाऊन निम्म्या भावात उचलायला लागले. बाबा म्हणाले, आपणही घेऊ, असा चान्स परत नाही. आमचं जोरात भांडण झालं, आठ दिवस बोललो नाही. शेवटी आम्ही ठरलेल्या भावानं घेतला पण पैसे हातात नव्हते, निम्मे दिले आणि निम्मे दिवाळीला देतो म्हणून वहीत लिहिले. दिले. त्या वहीमुळं आज आम्हाला मोहा मिळतो, एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थांच्या सरकारी लायसनमुळं नाही.

इथपर्यंत ऐकलं की लोक टाळ्या वाजवतात, म्हणून पुढचं सांगतो. २०२२ च्या जुलैत एक आजी दुकानात आली, वर्षानुवर्षं आम्हाला मोहा देणारी. म्हणाली, "बाबू, दोन किलो मोहा दे." मी म्हटलं, आजी तुमच्या घरचा काय झाला? तर सगळा मलाच विकला होता, नातवाच्या ॲडमिशनसाठी. भाव चांगला होता ना. मी वीस वर्षांपूर्वीच्या बाबांच्या जागेवर उभा होतो, फक्त माझ्या मागं स्टीलचे ट्रे आणि ड्रायर होते. चौकशी केली तर ती एकटी नव्हती, बऱ्याच घरांनी पावसाळ्याचा खायचा मोहासुद्धा आम्हाला दिला होता.

पुढच्या सीझनला मी मोठ्या ऐटीत ग्रामसभेत सांगितलं की घरचा मोहा ठेवून मगच विका, नाहीतर मी घेणार नाही. तीच आजी उठून म्हणाली, "तू सांगशील का आमाले कितीक ठेवाचं ते?" सगळ्या हसल्या आणि बरोबरच होतं. ज्याला आज पैसे लागतात त्याला ठेव म्हणून सांगणं सोपं आहे. ठेवायचा कुठं, हा प्रश्न तर तसाच होता.

मग छपराचाच विचार केला. आता प्रत्येक घराची पोती नाव लिहून आमच्या गोदामात राहतात, आत प्लॅस्टिकचं अस्तर, खाली लाकडी फळ्या. भावाच्या सत्तर टक्के पैसे लगेच मिळतात. श्रावण संपेपर्यंत ज्याला हवा त्यानं घेतलेले पैसे परत करून आपला मोहा न्यायचा, भाडं नाही, व्याज नाही, आणि पोळ्यानंतर जो उरेल तो आमचा, बाकीचे तीस टक्के तेव्हा. बाबा म्हणाले, हा धंदा नाही, धर्मशाळा आहे. सीएनं जवळपास हेच जरा सभ्य शब्दांत सांगितलं. मागच्या वर्षी चौथा हिस्सा माल लोकांनी परत नेला, आणि त्या महिन्यांत आम्ही लाडू कमी केले, टोळाचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल जास्त गाळलं, तेवढ्यावर सात बायांचे पगार निघाले.

झाडांची चिंता वेगळीच. फुलंही वेचली जातात, टोळही वेचले जातात, खाली आग आणि गुरं, मग नवीन रोप येणार कुठून? जंगलात फिरा, म्हातारे मोहे दिसतील, पोरसवदा मोहा क्वचितच. आम्ही बांधावर ३०० रोपं लावली होती, ६० च्या आसपास जगली, काहींवर गाईंनी हात साफ केला. फुलायला दहा वर्षं तर जातीलच. भाचा म्हणतो मामा तोपर्यंत कोण थांबतं, तो सुरजागडच्या लोखंडाच्या खाणीतल्या टिप्परवर ड्रायव्हर म्हणून गेलाय, माझ्याकडं मिळत होते त्याच्या दुप्पट पगारावर. मी अडवलं नाही, अडवायला माझ्याकडं आहे काय? सीझनला आठ दिवस सुट्टी काढून येतो मात्र, त्याच्या आईची चार झाडं आहेत ना.

लाडू सध्या मिळणार नाहीत, अजून पोळा व्हायचा आहे आणि गोदामातला माल आमचा नाही. तेल आहे, अर्धा लिटर आणि एक लिटर. थंडीत ते बाटलीत थिजतं, तेव्हा खराब माल पाठवला म्हणून कृपया फोन करू नका, बाटली उन्हात ठेवा.