मांडवीला गाडी दिवसभर उभी होती

मोटारसायकलच्या प्रवासात विश्रांतीचा एक दिवस हवा, हे मागच्या सीटवर बसणाऱ्या माणसाला जितक्या लवकर कळते तितक्या लवकर ते हँडल धरणाऱ्याला कळत नाही. आमच्या ह्यांनी बडोद्यात बसून जो कार्यक्रम आखला होता, त्यात असा दिवस नव्हताच. कच्छमधल्या मांडवीच्या नावापुढे ‘मुक्काम’ हा शब्द पेन्सिलीने मी लिहिला आणि त्याखाली दोन रेघाही मीच ओढल्या. दांडिया बाजारात राहणाऱ्या आमच्या आत्याबाईंना मात्र “आम्ही बुलेटवरून मांडवीला निघालो आहोत” हे ऐकून काळजी वाटली, कारण त्यांच्या लेखी मांडवी म्हणजे बडोद्याची मांडवी, आणि तेथे चालत जाता येते.

अहमदाबादच्या एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे, म्हणून वासद, तारापूर, बगोदरा, लिंबडी असे आम्ही गेलो. सुरजबारीच्या पुलानंतर मिठाचे आणि कंटेनरचे ट्रक सुरू झाले ते संपेचनात, आणि भुजला पोहोचेपर्यंत माझ्या कमरेने बोलणे बंद केले होते. भुजला आयना महाल पाहिला आणि दुसऱ्या संध्याकाळी मांडवी गाठली. एवढ्या प्रवासाबद्दल याहून अधिक लिहावे असे मला वाटत नाही.

विश्रांतीच्या दिवशी आठपर्यंत झोपायचे, असा माझा निश्चय होता. ज्या घरगुती गेस्ट हाउसमध्ये आम्ही उतरलो होतो, तेथल्या बेन अतिशय प्रेमळ होत्या आणि त्या प्रेमापोटी साडेसहाला चहा घेऊन दारात उभ्या राहिल्या. सातला त्या खाखरे घेऊन आल्या आणि पावणेआठला दुपारी बाजरीचा रोटला चालेल ना, हे विचारायला आल्या. पाहुणचाराला नाही म्हणायची आपल्याला सवय नसते. पण थकलेल्या माणसाला एकटे सोडणे हासुद्धा पाहुणचाराचा एक प्रकार आहे, हे कोणीतरी लिहून ठेवायला हवे, म्हणून मी लिहीत आहे. एवढ्यात ह्यांनी अंगणात गाडीची चेन पुसायला घेतली होती. विश्रांती म्हणजे गाडीची विश्रांती, असा त्यांचा समज आहे.

सकाळचा वेळ रीतसर पर्यटनात गेला. विजय विलास राजवाडा पाहिला. लाल दगडातले कोरीव काम सुरेख आहे, पण तेथे राजवाड्यापेक्षा येथे कोणत्या चित्रपटाचे चित्रीकरण झाले, याचीच चर्चा अधिक होती. गावाबाहेरचे क्रांतितीर्थ हे स्मारक मात्र मराठी माणसाने चुकवू नये. श्यामजी कृष्ण वर्मा 1857 साली मांडवीत जन्मले, आणि त्यांनी 1905 साली लंडनच्या हायगेट भागात सुरू केलेल्या इंडिया हाउस या भारतीय विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची लाल विटांची प्रतिकृती येथे उभारली आहे. सावरकर ज्या घरी राहिले, ते घर कच्छच्या माळरानावर समोर दिसते तेव्हा क्षणभर गोंधळायला होते. त्यांना लंडनला जाण्यासाठी शिष्यवृत्ती मिळाली ती श्यामजींमार्फत आणि तिच्यासाठी लोकमान्यांनी शिफारस केली होती, हे आपण शाळेत शिकतो. पण श्यामजींचे 1930 साली जिनिव्हात निधन झाल्यानंतर त्यांच्या अस्थी भारतात यायला 2003 साल उजाडावे लागले, हे मला ठाऊक नव्हते. अस्थिकलशासमोर एक कुटुंब आळीपाळीने फोटो काढत होते, त्यामुळे तेथे फार वेळ थांबता आले नाही.

दुपारी रोटला, वांग्याचे भरीत आणि ताक असे भरपेट जेवण झाल्यावर मी झोपणार होते. ह्यांनी “अगं, पुलावरून जहाजे दिसली ती जवळून पाहून येऊ, अर्ध्या तासात परत” असे म्हटले, आणि अर्ध्या तासावर विश्वास नसतानाही मी गेले.

मांडवी हे सोळाव्या शतकात कच्छचे राजे राव खेंगारजी पहिले यांनी वसवलेले बंदर. रुक्मावती नदी येथे समुद्राला मिळते आणि त्या मुखाजवळच्या काठावर लाकडी गलबते बांधली जातात, आजही. आम्ही विश्वामित्रीच्या काठचे लोक. आमच्या नदीत मगरी असतात, गलबते नसतात. त्यामुळे कोरड्या वाळूत, लाकडाच्या टेकूंवर तोललेली, तीन मजली घराएवढी उंच जहाजे पाहून मी आधी हसले. पाण्याचा पत्ता नसलेल्या जागी एवढे मोठे जहाज बांधायचे आणि मग ते समुद्रात न्यायचे कसे, असे एका कामगाराला विचारले, तर त्याने जास्त न बोलता “पूनमची भरती” एवढेच उत्तर दिले. कच्छच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक कित्येक मीटरचा असतो, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी येथपर्यंत चढते. तयार झालेले जहाज त्या पाण्यावर तरंगते करून बाहेर काढतात.

आत यायचे का, असे मिस्त्रींनीच विचारले. तिकीट नाही, फलक नाही, दोरीने अडवलेली जागा नाही. खिळे मारलेल्या बांबूच्या शिडीवरून मी साडी खोचून वर चढले. माझे गुडघे ज्या बुलेटवर कुरकुरतात, ते त्या शिडीवर गप्प कसे राहिले, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. जहाजाच्या पोटात उतरल्यावर दोन्ही बाजूंना जाडजूड फासळ्या, त्यांवर बाहेरून ठोकलेल्या साल वृक्षाच्या लाकडाच्या फळ्या, आणि अजून न भरलेल्या फटींतून आत येणारे उन्हाचे पट्टे दिसले. बाहेर ऊन भाजत असताना आत मात्र गार होते आणि ओल्या लाकडाचा, तेलाचा वास येत होता. एका कोपऱ्यात एक वयस्कर गृहस्थ मांडी घालून कापसाचे पीळ वळत होते. चातुर्मासात आपल्याकडे वाती वळतात तशाच त्या होत्या, फक्त अंगठ्याएवढ्या जाड आणि तेलात भिजवलेल्या. ते पीळ छिन्नीने फळ्यांच्या सांध्यात ठोकून बसवायचे. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते, कापूस दाबला जातो आणि सांधा बंद होतो.

आता ह्यांच्याविषयी सांगायला हवे. ह्यांनी उभी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काढली. घरात साधे कपाट करायचे असले तरी आधी तिन्ही बाजूंचे चित्र काढून सुताराकडून त्यावर सही घेतात. त्यांनी मिस्त्रींना पहिला प्रश्न विचारला तो ड्रॉइंग कुठे आहे, हाच. मिस्त्रींनी त्यांना काठावर नेले आणि बाभळीच्या लाकडांचा ढीग दाखवला. ढिगातले एकही लाकूड सरळ नव्हते. जहाजाच्या फासळीला जी वळणे लागतात, ती सरळ लाकूड कापून आणली तर लाकडाचे तंतू तुटतात आणि लाटेच्या माऱ्याला लाकूड तेथेच फाटते. म्हणून मुळातच वाकडे वाढलेले खोड शोधावे लागते आणि त्याच्या वळणाप्रमाणे फासळी कुठे बसेल, हे ठरवावे लागते. “भाई, झाड कसे वाढले आहे ते कागदाला आधी कसे कळणार?” असे मिस्त्री म्हणाले. ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि मग ते दोघे त्या ढिगात एकेक लाकूड उचलून, फिरवून, कोणते कुठे जाईल याचा असा वाद घालू लागले की जणू जहाज ह्यांनाच बांधायचे आहे.

मला कोणी बसायला एक ओंडका दिला आणि कोणी चहा दिला, सकाळसारखाच गोड, पण या वेळी मी तो आनंदाने घेतला. एक जहाज पुरे व्हायला दोन-दोन वर्षे लागतात, पुढे ते दुबई, सोमालियाकडे माल घेऊन जाते, पावसाळ्यात सगळी जहाजे बंदरात थांबतात, आणि आता गावात हे काम शिकणारी मुले कमी होत चालली आहेत, असे तो वाती वळणारा माणूस हात न थांबवता सांगत होता. आदल्या दिवशी भुजला जो आयना महाल आम्ही पाहिला, तो अठराव्या शतकात युरोपात कारागिरी शिकून आलेल्या रामसिंह मालम नावाच्या खलाशाने उभारला. काल ती माहिती मी नुसतीच वाचून पुढे गेले होते. आज त्या ओंडक्यावर बसल्यावर एका खलाशाचा हात लाकडावर, काचेवर, टाइल्सवर इतका सहज कसा चालला असेल, याचा थोडा अंदाज आला. चारही बाजूंना हातोड्यांचे ठोके चालू असताना मी त्या ओंडक्यावर, पाठ एका टेकूला लावून, व्यवस्थित झोपले. किती वेळ ते ह्यांना विचारू नका, त्यांनाही ठाऊक नाही.

संध्याकाळी समुद्रकिनाऱ्यावर जाणे हा यात्रेकरूचा धर्म असल्यामुळे आम्ही गेलो. वाळू स्वच्छ आहे, मागे पवनचक्क्या फिरत असतात. पण उंट, घोडे, वाळूत धावणाऱ्या चारचाकी गाड्या आणि प्रत्येक टपरीवरचे वेगळे गाणे यांच्यात सूर्य कधी गेला ते कळले नाही. ज्यांना शांतता हवी त्यांनी तेथे जाऊ नये, आणि ज्यांना गर्दी आवडते त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही.

मग दाबेली. ही मांडवीचीच, असे कच्छी माणूस छातीवर हात ठेवून सांगतो आणि ते खरे आहे. सेव-उसळीवर वाढलेल्या बडोदेकराच्या जिभेला तिची गोडी प्रथम खटकते. डाळिंबाचे दाणे आणि मसाला शेंगदाणे आले की ती तक्रार मागे पडते. ह्यांनी तीन खाल्ल्या आणि तरीही सेव-उसळच श्रेष्ठ असे जाहीर केले. गाडीवाल्याने पैसे घेताना शांतपणे विचारले, “मग चौथी बांधून देऊ का?”

दुसऱ्या दिवशी नारायण सरोवराला जायचे होते आणि ऊन चढायच्या आत, सहाला निघायचे असे ठरले होते. निघालो साडेनऊला, कारण ह्यांना जाण्याआधी त्या बाभळीच्या फासळीची जाडी टेपने मोजून वहीत लिहायची होती, आणि मोजून झाल्यावर तिचे चित्रही काढायचे होते. नलियापर्यंत फेब्रुवारीअखेरचे ऊन थेट डोक्यावर घ्यावे लागले, आणि त्याबद्दल ह्यांना मी अजूनही ऐकवत असते.