विरार फास्ट आणि नवखा माणूस

आज दादरला एक नवखा पोरगा वाटेतल्या बोरिवलीसाठी विरार फास्टमध्ये (मुंबईची विरारला जाणारी जलद लोकल) चढत होता, लोकांनी हटकलं. उर्मटपणा वाटतो, पण कारण आहे. वसई-विरारची गर्दी दारापर्यंत ठासून उभी असते, बोरिवलीला उतरायला वाटच मिळत नाही. त्यापेक्षा बोरिवली लोकल पकडावी.

इंडिकेटरवर शेवटच्या स्टेशनचं अक्षर, जलद की धिमी, डबे १२ की १५, तिन्ही बघा. सॅक पुढे घ्या. बसलेल्याला ‘कुठे उतरणार?’ विचारलं की ती जागा बहुधा तुमची. तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकू द्यायचं, हा रिवाजच (अर्धं अंग बाहेर, तरी आभार मानायचे!). उतरायच्या एक-दोन स्टेशनं आधी दाराकडे सरका, फलाट कुठल्या बाजूला येतो तेही विचारून घ्या. आणि ओळखी हव्यात तर रोज तीच गाडी, तोच डबा धरा.